ताकाची बरणी आणि लाल एल

आमच्या भाऊजींइतका सावध ड्रायव्हर आणि त्यांच्याइतका बेफिकीर माणूस पुन्हा एकाच देहात जन्माला येईल, असं मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धानोऱ्याजवळच्या त्यांच्या गावात त्यांची एक जुनी जीप होती. ती ते इतकी हळू चालवत की सायकलवाले रामराम करून पुढे जात. रस्त्यात माकडं बसलेली दिसली की इंजिन बंद करून त्यांचं आटोपेपर्यंत थांबत. "जंगल त्याइचं हाये, आपून पाहुने," म्हणत. शिकवण्याची रीतही न्यारीच. मला, म्हणजे एका शाळामास्तराला, गाडी शिकवताना त्यांनी मागच्या सीटवर बाईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मांडीवर ताकाची काठोकाठ भरलेली बरणी देऊन बसवलं होतं. गचका बसला की मागून बाई ओरडे, "सांडलं!" आणि भाऊजी शांतपणे म्हणत, "मास्तर, पुस्तक वाचनं सोपं हाये. पुन्हा घ्या." गावातले कितीतरी जण असे ताक सांडत सांडत ड्रायव्हर झाले.

गावातली लेक सासरी निघाली की तिला पोचवायला भाऊजींचीच जीप. स्वतःच्या मुलीला तर ती फ्रॉक घालायची तेव्हापासून त्यांनी शब्द दिला होता, "तुले मीच नेऊन देईन."

त्यांच्या लायसन्सची मुदत संपली तेव्हा मोहफुलं पडत होती. बाईने आठवण करून दिली. "काऊन घाई करून राह्यली? मोह होऊ दे," भाऊजी म्हणाले. मोह झाला तर तेंदूपत्ता आला, मग धानाची रोवणी, मग कापणी आणि चुरणी, म्हणजे मळणी. आमच्याकडे एक हंगाम संपायच्या आत दुसरा दारात उभा असतो, आणि त्याच्यापुढे सरकारी तारीख कोणाला खरी वाटत नाही. बाई चिडली की भाऊजी विचारत, "गाडी मी चालवतो का ते कार्ड चालवते?"

मोहफुलं पुन्हा पडून गेली आणि भाचीचं लग्न कुरखेड्याला ठरलं. "नाक्यावर वऱ्हाडासमोर पोलिसानं उतरवलं त?" बाईने विचारलं, तेव्हा कुठे भाऊजी मला घेऊन गडचिरोलीला गेले.

"भाऊ, वर्ष उलटून गेलं," खिडकीतला कारकून म्हणाला. "आता नूतनीकरण नाई होत. पह्यले शिकाऊ लायसन्स काढा, मंग महिन्यानं चाचणी द्या."

"मी शिकाऊ? अख्ख्या गावाले मीच त शिकवलो!"

"असन. पन आता बाजूले लायसन्सवाला बसवूनच चालवा. अन् गाडीले लाल एल लावा."

लग्न महिन्याच्या आत होतं. भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

पाठवणीच्या दिवशी जीपला आंब्याची पानं, झेंडूच्या माळा आणि पुढे-मागे लाल एल. मी त्यांच्या शेजारी बसलो. नवरदेवाचे मामा मोठ्याने म्हणाले, "काय भाऊ, आमची सून घिऊन आजच गाडी शिकता का?"

"हो ना," भाऊजी म्हणाले. "पोरगी देनं बी पह्यल्यांदाच हाये."

जीप निघाली. नाक्यावरच्या पोलिसाने शिकाऊ लायसन्स पाहिलं, माझं पाहिलं, आणि हसून जाऊ दिलं. नाका मागे पडल्यावरही भाऊजींनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मग हळूच म्हणाले, "मास्तर, मांगं पाहा. ताक सांडून त नाई राह्यलं?"

मी वळून पाहिलं. भाची शालूच्या पदराने डोळे पुसत होती.

"नाही भाऊजी," मी म्हणालो, "एक थेंब नाही."

पुढे ते चाचणी पास झाले. परीक्षकाने फक्त जरा वेगाने चालवा म्हटलं, आणि भाऊजींनी ते ऐकलं नाही. एल मात्र खरवडला नाही. "राहू दे. मांगचे लोक दूर राहतात."

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले. जीप आता माझ्याकडे असते. माझं लायसन्स मी मुदतीआधीच, मोह पडायच्या आत नवीन करून घेतलं. मागचा एल तसाच आहे. भाचीकडे कुरखेड्याला जाताना बाई अजून मागच्याच सीटवर बसते. गचका बसला की मी आरशात तिच्याकडे पाहतो आणि त्या "सांडलं!"ची वाट पाहतो. ती काही म्हणत नाही. मग मी गाडी आणखी हळू करतो, आणि सायकलवाले रामराम करून पुढे जातात.