डाळमिलवर साहेब आले

हसायचं तर हसून घ्या, पण माझ्या हातून जे झालं ते घाटंजीच्या बाजारात बाया अजून सांगत फिरतात!

आमच्या बचत गटाची डाळमिल आहे. मिल सगळी बायाच चालवतात, अन् अध्यक्ष मी. नागपूरच्या एका कंपनीचं पत्र आलं, ‘खरेदी अधिकारी पाहणीला येतील.’ डाळ पसंत पडली तर वर्षभराचं काम! मी आठ दिवस भाषण पाठ केलं. विषय? बाई कुठंच कमी नाही!

जीप आली. स्टिअरिंगवर एक बाई, शेजारी पांढऱ्या शर्टातला गृहस्थ. तो कंबरेवर हात ठेवून असा सावकाश उतरला, की मी म्हटलं, काय रुबाब आहे! घातला हार.

“ताई, मी तं...”

“पहिले बसा ना साहेब!”

त्या बाईला म्हटलं, “तुमी मांगं जा बाई. तिथं बाया चहा देतीन.”

ती गालात हसली अन् मागं गेली.

मग काय, सुटलं माझं भाषण! “मिल बाई चालवते, ट्रॅक्टर बाई चालवते, पण लोकायले दिसते कोण? माणूसच!” साहेब घाम पुसत बसलेले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी पोह्यांची प्लेट पुढं केली.

शेवटी ते कण्हतच उठले. “ताई, मी डायव्हर आहे! सकाळी कंबर धरली, म्हणून गाडी मॅडमनं आणली. अधिकारी त्याच आहेत!”

भाषण तिथंच सोडलं! आठ दिवसांत पहिल्यांदा.

धावत मागं गेले. मॅडम ओढणी खोचून मशीनपाशी उभ्या, कोपरापर्यंत डाळीची भुकटी. मशीनचा पट्टा निसटला होता, अन् आमची शेवंता तो चढवता चढवता त्यांनाच दटावत होती, “हात मांगं घ्या बाई, बोट जाईन!”

“मॅडम, चुकलं माझं. मले वाटलं...”

“अहो, बरंच झालं! अधिकारी म्हणून आले असते तर कोणी मशीन बिघडलेलं दाखवलं असतं का? इथं बिघाडही पाहिला, दुरुस्तीही पाहिली. डाळ एक नंबर. काम तुमचंच!”

असा जल्लोष झाला, की शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधली माणसं धावत आली!

मग मॅडम म्हणाल्या, “यवतमाळला आमचं दोन दिवसांचं शिबिर आहे. बाईला कमी समजायची सवय कशी मोडायची, त्यावर. गटातली एक जण पाठवा. जिला सगळ्यात जास्त गरज आहे अशी.”

कोणाला पाठवावं, मी विचारच करत होते. तेवढ्यात सगळ्या बाया एका आवाजात ओरडल्या,

“अध्यक्षीणबाईलेच न्या!”