नखांच्या वेगाने

दुपारी आई खाटेवर पाय पसरून बसली होती. माझं लक्ष तिच्या पायांच्या नखांकडे गेलं. वाढून वाढून ती बोटांवर वळली होती. गुडघ्यांमुळे तिला आता खाली वाकता येत नाही. फोनवर ती हे कधी बोलली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं.

शाळेत भूगोल शिकवताना एक वाक्य मी दर वर्षी ऐटीत टाकते: "खंडं एकमेकांपासून दूर जातात ती साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने." मुलं लगेच आपापली बोटं बघतात. मग मी सांगते, की जमीन फाटते तिथली भेग रिकामी राहत नाही. खालून तापलेला शिलारस वर येतो, पाण्यात थिजतो आणि त्याचाच नवा समुद्रतळ होतो. म्हणून तर इतकं मोठं फाटताना कुणाला काही ऐकू येत नाही.

आमच्यामधलीही भेग भरत होतीच की. "जेवलीस का?" "हो, तू?" रोजचं एवढंच बोलणं थरावर थर थिजत गेलं आणि मी त्यालाच जवळीक म्हणत राहिले.

मी पर्समधून नेलकटर काढलं. आईने घाईने पाय साडीखाली ओढून घेतले.

"आज शनिवार ना, आज नको गं नखं कापायला."

उद्या काप, असं मात्र ती म्हणाली नाही. मी कधीतरी येते ती शनिवारीच आणि रविवारी उजाडायच्या आत निघते, हे तिला पाठ झालंय.