टर्बोच्या पाईपातली चीर

चार वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजमध्ये चांदवडचा एक मिस्तरी कामाला लागला आणि दीड महिन्यात माझ्या वडिलांना ‘बाबा’ म्हणू लागला. माझं डोकं फिरलं ते तिथून. बाकीचे सगळे त्यांना शेठ म्हणायचे. बाबा म्हणायचा हक्क माझा एकटीचा, कारण मी त्यांची एकुलती एक मुलगी. त्यानं हाक मारली की बाबा हातातलं टाकून जायचे. मी हाक मारली की म्हणायचे, आलो गं पाच मिनिटांत. ती पाच मिनिटं जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबायची.

तो पुढे पुढे करतो, असं मी आईला सांगायचे. खरं तर तो अजिबात पुढे पुढे करत नव्हता. त्याच्या हाताला गुण होता, एवढंच. आणि मी जळत होते. आता चाळिशीकडे झुकल्यावर हे कबूल करायला काही वाटत नाही, तेव्हा मेले असते तरी केलं नसतं.

आमचं गॅरेज आडगाव नाक्याच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा मला बाबांनीच करायला लावला आणि डिप्लोमा झाल्यावर त्यांनीच मला काउंटरवर बसवलं. फोन घ्यायचे, पार्ट मागवायचे, फार तर गाडीला स्कॅनर लावून कॉम्प्युटर काय म्हणतो ते वाचून दाखवायचं. पान्याला हात लावला की म्हणायचे, राहू दे, हात खराब होतील. एकदा मी ऑइलचं झाकण घट्ट करायला विसरले आणि सगळं इंजिन तेलानं माखलं. बाबा हसले आणि पुसून घ्यायला सांगून चहाला गेले. त्याच आठवड्यात चांदवडकरानं एक बोल्ट तिरका चढवला, तर त्याची सगळ्यांदेखत अर्धा तास हजेरी घेतली. बघणाऱ्यांना त्याची कीव येत होती. मला त्या बोलण्यांचा हेवा वाटत होता. बाबा ज्याला मिस्तरी मानायचे त्यालाच रागवायचे, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी मलाही त्या रांगेत धरावं.

बाबांची ख्याती त्यांच्या कानांची. इंजिनात कुठे हवा फुटत असेल, तर ते मीटरभर लांबीचा पाण्याचा पाईप घ्यायचे, एक टोक कानाला लावायचे आणि दुसरं टोक इंजिनावरून सावकाश फिरवायचे. डॉक्टर छातीवरून नळी फिरवतो तसं. बोट ठेवतील तिथेच भोक निघायचं. पण साठीनंतर कान उतरले. आधी उजवा, मग डावाही. ज्या दिवशी त्यांना स्वतःला कळलं, त्या दिवशी त्यांनी तो पाईप उचलला आणि चांदवडकराच्या हातात दिला. मी तीन पावलांवर स्कॅनर घेऊन उभी होते. माझे कान अगदी धड होते. घरी गेल्यावर मी जेवले नाही, आणि का जेवले नाही हेही कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सायखेड्याचे एक बागायतदार आपली पांढरी डिझेल गाडी घेऊन आले. दसऱ्याला आमच्याकडूनच सर्व्हिसिंग करून नेलेली. म्हणाले, "मिस्तरी, राहुडच्या घाटात गाडी लयच रडली. मागून काळा धूर, अन् पाय दाबला की फुस्स करती." मी स्कॅनर लावला. टर्बोनं जेवढा हवेचा दाब द्यायला हवा तेवढा मिळत नव्हता. म्हणजे टर्बो तरी गेला होता, नाहीतर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत हवा कुठेतरी निसटत होती. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाईप ज्याला द्यायचा त्याला दिला.

त्यानं गाडी चालू ठेवून अर्धा तास सगळं ऐकलं. काही सापडलं नाही. मग त्यानं स्वतः बनवलेलं धुराचं डबडं आणलं. रंगाच्या डब्यात तेलाची वात, वर नळी. तो धूर हवेच्या वाटेत सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. बाबांना त्या डबड्याचं कोण कौतुक! येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे. धुराची एक बारीक रेघ एअर फिल्टरजवळच्या क्लिपमधून आली. त्यानं क्लिप आवळली, बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि दोघं गाडी घेऊन ओझरच्या रस्त्याला ट्रायलला गेले.

परत आले तेव्हा दोघांचे चेहरे उतरलेले. गाडी होती तशीच रडत होती. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, गिऱ्हाईक समोर हताश बसलेलं असताना मला मनातून आनंद झाला.

मग मी काउंटरवरून उठले. बाबांच्या डाव्या कानाशी जाऊन सांगितलं, की गाडी जागेवर चालू असताना टर्बो दाब देतच नाही. रबराला चीर असेल तर ती मिटूनच राहणार. कानाला ऐकू येणार नाही आणि एवढ्याशा धुरालाही ती वाट देणार नाही. आत दाब भरायला हवा, तरच ती उघडेल. बाबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर." म्हणजे बडबड नको, करून दाखव.

शेजारच्या ठिबकवाल्याच्या दुकानातून मी प्लास्टिकच्या पाईपचं बूच आणलं, त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टर काढून टर्बोकडे जाणाऱ्या पाईपाच्या तोंडात ते बूच घातलं आणि क्लिपनं आवळलं. मग कंप्रेसरची हवा अगदी हळू सोडली. जास्त दाब झाला तर चांगल्या पाईपाचाही बोऱ्या वाजतो. थोडी हवा इंजिनातून निघून जातेच, तेवढी सोडून द्यायची. चांदवडकर मुकाट्यानं साबणाचं पाणी घेऊन आला आणि एकेका जोडावर मारू लागला. वरच्या एकाही जोडावर बुडबुडा आला नाही. पण फुस्स ऐकू येत होतं. खालून, बंपरच्या मागून. मी जॅक लावून स्टँड ठेवायला सांगितले, पंजाबीवर बाबांचा जुना डांगरीचा शर्ट चढवला आणि खाली शिरले.

टर्बोची गरम हवा थंड करायला समोर जाळीमागे एक कूलर असतो, त्याच्याकडे जाणारा मनगटाएवढा रबरी पाईप. त्याच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर. हवा भरली की ओठ विलगावे तशी उघडायची, हवा सोडली की मिटायची. सापडलं, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात मला तार दिसली. बांधकामाची बारीक तार, पाईपाभोवती वेढा घालून समोरच्या जाळीतून बाहेर गेलेली. दाबानं पाईप फुगायचा, आकसायचा, आणि तार दर वेळी त्याला थोडी थोडी चावत गेली होती. तारेच्या पिळात झेंडूचा वाळका देठ अडकलेला होता.

ती तार माझी होती.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, कंप्रेसर, सगळ्याला हळदकुंकू. दरवर्षी बाबा करायचे. त्या वर्षी त्यांनी पूजेला चांदवडकराला बसवलं आणि मला म्हणाले, तू गाड्यांना हार बांध. अंगाचा तिळपापड झाला होता माझा. इतर वर्षी मी दोऱ्यानं बांधायचे, त्या दिवशी तार घेतली. जाळीच्या एका भोकातून आत ढकलली, दुसऱ्यातून बाहेर ओढली आणि पकडीनं असा पीळ दिला, की हार दिवाळीपर्यंत हलू नये. मागे काय सापडलंय ते बघितलंसुद्धा नाही. नजर सगळी त्याच्यासाठी मांडलेल्या पूजेच्या पाटाकडे होती. हार सुकल्यावर मालकानं समोरचा पीळ तोडून फुलं काढली असणार. आतला वेढा तसाच राहिला.

खिशात पकड होती. तार कापून मुठीत लपवायला मला दोन सेकंद पुरले असते. मी पकड बाहेरही काढली. पण तेवढ्यात चांदवडकर वाकून आत डोकावला, आणि त्याच्या मागोमाग गुडघे धरत बाबा. दोघांनी चीर बघितली आणि तारही बघितली.

बाबा उभे राहिले ते तांबडेलाल होऊन. गिऱ्हाईक तिथेच, आणि दोष आमच्या घरातला. दसऱ्याच्या दिवशी गाड्या कुणाच्या हवाली होत्या, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चांदवडकराला फैलावर घेतलं. मी तार कापून हातात घेऊन गाडीखालून बाहेर आले तेव्हा तो खाली मान घालून उभा होता. त्या दिवशी पूजेला बसायच्या आधी, मी हार बांधताना, माझ्यासमोर फुलांची पाटी धरून तोच उभा होता. बाबांनी धरलं होतं, की हार मी नेहमीसारखे दोऱ्यानंच बांधले आणि तार त्याची; तार मी बांधली हे जगात माझ्याशिवाय त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "चुकलं, बाबा."

बरं झालं, वाचले, असं कुणालाही वाटलं असतं. मला मात्र आणखीच संताप आला. माझी चूकसुद्धा यानं घ्यावी? माझ्या वाट्याचं रागवणंही यालाच मिळावं? तेव्हा मी जे केलं ते खरेपणानं केलं असं लोकांना वाटतं, मी ते निव्वळ जळफळाटानं केलं.

"तार मी बांधली होती," मी म्हणाले.

बाबांना ऐकू आलं नाही. ते बोलतच राहिले. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी कानामागे हात नेला आणि काय, म्हणून विचारलं. शेवटी मी इतक्या जोरात सांगितलं, की पलीकडचा पंक्चरवालाही उठून बघू लागला.

बाबा माझ्याकडे वळले. माझ्या हातातली तार त्यांनी घेतली, तिचा पीळ अंगठ्यानं चाचपला आणि मग सुरू झाले. आधी हात घालून चाचपायचं, मग पीळ द्यायचा, हे कुणी शिकवलं नाही का. पाईप आणि जाळी यातला फरक बोटांना कळत नसेल तर डिप्लोमा चुलीत घाल. घाटात या माणसाची गाडी बंद पडून मागून ट्रक आला असता म्हणजे. एक शब्द खोटा नव्हता. माझी मान खाली, आणि डोळ्यांतून पाणी.

सायखेड्याचे बागायतदार मधे पडले. "जाऊ द्या मिस्तरी, पोरगी हाय. व्हतं चुकून."

बाबांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

"पोरगी घरी," ते म्हणाले. "इथं मिस्तरी आहे."

आणि पुन्हा माझ्याकडे वळून त्यांनी राहिलेलं रागवणं पूर्ण केलं. मी ते शेवटपर्यंत उभं राहून ऐकून घेतलं.