सरडीचं पोट आणि शहाणी माणसं

आमगावच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं तेव्हाची गोष्ट. बाभळी तोडत होते. त्यातल्या एका फांदीबरोबर एक घोयरा सरडा खाली आला. हिरवागार, शेपटी जिलबीसारखी गुंडाळलेली, एक डोळा पुढे तर दुसरा मागे. भोवती धट्टीकट्टी माणसं काठ्या घेऊन उभी होती, जणू वाघच वेढला होता.

मी शाळेतून घरी चालले होते. गणित शिकवते. स्कूटी बाजूला लावून पुढे झाले.

"मॅडम, जवळ नका जाऊ. तो थुंकला का माणूस वाळून जाते."

सांगणारा स्वतः काडीसारखा होता. "तुमच्यावर केव्हा थुंकला?" मी विचारलं. कोणी हसलं नाही. अडाणीपणाची चेष्टा केलेली लोकांना खपत नाही, अडाणीपणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या खपतो.

मी ओढणीत धरून त्याला उचललं. त्याने तोंड उघडून फुत्कार टाकला. मागचा एक पाय चेंगरला होता.

असला प्राणी घरात पाळायला कायद्याने मनाई आहे हे मला माहीत होतं, आणि मला तो पाळायचाही नव्हता. वनखात्यात फोन केला. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "चावते का?" मग साहेब दौऱ्यावर आहेत, गाडी नाही, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "पाय बरा होऊ द्या, मग जिथून आणला तिथं सोडून द्या." जिथून आणला तिथे आता गिट्टी पसरली होती.

घरी मी आणि आई, दोघीच. मागच्या पडवीला जाळी आहे, तिथे गोडलिंबाची मोठी कुंडी होती. त्या झाडावर त्याला ठेवलं. आई धानाच्या बांधीतून नाकतोडे पकडून आणायची. आधी तोंड वाकडं करायची, मग तिलाच मजा वाटायला लागली. जीभ सटकन बाहेर यायची, नाकतोडा गायब. "पाह्य वं, कसा खाऊन राहिला," आई मला हाका मारायची.

पहिल्याच रविवारी भाटवे आले. भाटवे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. गोंदियाला त्यांचं दुकान आहे, पण स्वतःची ओळख ते सर्पमित्र अशी करून देतात. ही मैत्री अशी, की सापाची शेपटी ह्यांनी धरायची, मोबाईल दुसऱ्याने धरायचा आणि मित्राला काय वाटतं ते कोणीच विचारायचं नाही. त्यांनी सरड्याकडे एकदा पाहिलं.

"नर है. पक्का नर. रुबाब देखो ना!"

रुबाब दिसला की नर. ह्या हिशेबाने आमच्या शाळेतले निम्मे शिक्षक माद्या ठरले असते.

पाय भरून आला आणि त्याच सुमारास सरड्याचं पोट वाढायला लागलं. खाणं कमी झालं. पाणी मात्र पानांवर शिंपडलं की चाटतच राहायचा. हिरवा रंग काळवंडला, अंगावर पिवळे ठिपके उठले. जो प्राणी दिवसभर एका फांदीवर डुलत बसायचा, तो खाली उतरून पडवीच्या कोपऱ्यांत फिरू लागला, फरशी खरवडू लागला.

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हशीपाशी बिनधास्त उभे होते, पण माझ्या डब्याचं झाकण उघडताच दोन पावलं मागे सरले. तिथूनच म्हणाले, "जंत झाले आहेत." औषध लिहून दिलं. किती द्यायचं, हे विचारलं तर म्हणाले, "कोंबडीला देतात तेवढं." मी औषध घेतलंच नाही.

भाटव्यांनी फोटो पाहून फोनवर निदान केलं. "गॅस आहे, मॅडम. टेंशन नका घेऊ. एरंडीचं तेल द्या."

आई कुंडीपाशी उकिडवी बसली होती. तिने मानही वर न करता सांगितलं, "पोटुशी आहे ते."

"तुला बरं लवकर कळतं," मी म्हटलं.

आई कुंडीतली सुकी पानं वेचायला लागली. कशाबद्दल बोलले ते तिला समजलं होतं.

काही वर्षांपूर्वी माझंही पोट असंच वाढलं होतं. गर्भाशयात गाठ होती. मी चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली. तेव्हा आमच्या गावात एकाएकी केवढी वैद्यकी उगवली! मी आत शिरले की शिक्षकांच्या खोलीत बोलणं थांबायचं. एका बाईंनी तर कागदात गुंडाळून चिंच आणली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, आंबट खावंसं वाटते का हो?" बहिणीला घेऊन भाटवे आले. खाटेवर मांडी घालून बसले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "जे झालं ते झालं. मुलगा कोण आहे तेवढं सांगा, आपण बोलून घेऊ." मी आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं आता ती त्यांना हाकलेल. ती म्हणाली, "खरं सांग बाई. काऊन लपवतेस?"

गोंदियाला ऑपरेशन झालं. काढलेली गाठ डॉक्टरांनी ट्रेमध्ये घालून भाटव्यांना दाखवली, तर हे बाहेर जाऊन ओकले. सापासारखी त्या गाठीशी काही त्यांनी मैत्री केली नाही, फोटोही काढला नाही. चिंचवाल्या बाई सफरचंदं घेऊन भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला तर वाटलंच होतं, काहीतरी आजार आहे म्हणून." माफी कोणी मागितली नाही. जिच्या पोटात गाठ होती ती ह्यांना गरोदर दिसली, आणि जिच्या पोटात अंडी होती तिला हे जंताचं औषध पाजायला निघाले होते.

शेवटी एका ओळखीच्या बाईंना फोन केला. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी आधी नीट विचारलं. खाते का, पाणी किती पिते, शेपटीच्या मुळाशी फुगवटा आहे का? नव्हता. "म्हणजे मादी. आता पोटाच्या बाजूने अगदी हलक्या हाताने बोट फिरवा. दाबू नका." मी फिरवलं. वालाच्या शेंगेत दाणे लागतात तसं काहीसं लागलं, एकाला लागून एक.

"अंडी आहेत," त्या म्हणाल्या. "माती द्या, खोल आणि ओलसर. खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि मादी मरते. आणि बघत उभ्या राहू नका. कोणी बघतंय असं वाटलं की ती खणणं सोडून देते."

मी फोन ठेवला आणि उठले. घरात कापलेला जुना ड्रम होता. बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या काठची रेताड माती आणून तो भरला, पाणी शिंपडलं, सरडीला त्यात सोडलं आणि जाळीवर आईचं जुनं लुगडं बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरडी खणायला लागली आणि नेमके तेव्हाच भाटवे दारात. बहिणीने सांगितलं असणार. मोबाईलला काठी लावूनच आले होते.

"लाईव्ह करू, मॅडम! असं कोणी दाखवलंच नाही!"

"नाही," मी म्हटलं.

"पण नर तर इथं नव्हता. मग अंडी आली कशी? कोणाची?"

पुन्हा तेच. कोणाची?

"तुम्ही रोज सकाळी उकडलेली अंडी खाता ना? पोल्ट्रीतल्या त्या कोंबड्यांची लग्नं कोण लावून देतं?"

ते हसायला लागले, पण पाय पडवीकडे वळलेच होते. तेवढ्यात आई आडवी आली. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई.

"जावईबापू, बाहीर बसा. बाईच्या अशा टायमाले तुमचं काय काम? कायले बघून राहिले?"

भाटवे ओसरीत जाऊन बसले. चहा न घेताच गेले. चहा मी केलाही नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत सरडी वर आली. अंगभर माती, पोटाच्या जागी नुसती कातडी लोंबत होती, बरगड्या दिसत होत्या. खड्डा तिने स्वतःच बुजवला होता, इतका साफ की खालचं काही कळू नये. पानांवर पाणी शिंपडलं तर कितीतरी वेळ पीत राहिली.

आई माझ्या शेजारी उभी होती. "मी बी तवा इचारलं होतं तुले," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. एवढंच. तिने माझ्या हातातला पाण्याचा गडवा घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः शिंपडलं.

सरडी पुन्हा खायला लागली, अंगावर मांस चढलं, तसं आम्ही दोघींनी तिला बोडीच्या पलीकडच्या मोहाच्या झाडावर सोडलं. एक पाय पुढे, एक मागे, डुलत डुलत ती वर चढली आणि पानांत दिसेनाशी झाली. दोन दिवसांनी बहिणीने भाटव्यांचा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्याच कुठल्या सरड्याचा फोटो, वर ह्यांचा आवाज आणि 'मी वाचवलेली गिरगिट माता'. खाली लोकांनी हात जोडले होते.

अंडी अजून मातीतच आहेत. पिल्लं निघायला कित्येक महिने लागतात, आणि रानात आधी नर भेटला असेल तरच निघतील, असं कॉलेजातल्या बाई म्हणाल्या. आई ड्रमवर पाण्याचा हात मारते. निघाली तर त्याच झाडाखाली नेऊन सोडायची, हे आमचं ठरलं आहे. भाटवे फोन करून विचारतात, "निघाली का? निघाली तर आधी मला सांगा बरं."

सांगते म्हणते. सांगणार नाही.