रामदासपेठेतली 'जपानी' मशीन

पिठाच्या गिरणीचे दोन स्टार्टर. शेजारच्या शाळेची घंटा वेळेवर वाजवणारं घड्याळ, जे अजून चालतं. जुन्या कूलरच्या मोटरवर फिरणारं शेवयांचं यंत्र. घराचा लोखंडी जिना, वेल्डिंगसकट. यवतमाळच्या व्होल्टेजला पुरून उरलेला एक स्टॅबिलायझर. आणि व्हिडिओ गेमच्या सात मशिनी, नाणं टाकून उभ्याने खेळायच्या, नव्वदच्या दशकात पार्लरमध्ये असायच्या तशा. हे सगळं मी माझ्या हातांनी बनवलं. आयटीआयला गेलो नाही, कुणा मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो नाही. रद्दीत मिळालेली इंग्रजी मासिकं, एक शब्दकोश आणि खाल्लेले शॉक, एवढंच माझं शिक्षण. हे आधीच सांगून टाकतो, कारण या पोस्टमधला सगळा राग या यादीतल्या शेवटच्या वस्तूवरून आहे.

पन्नाशीनंतर मी जुने गेम जमवायला लागलो. कॅसेटवाले टीव्ही गेम, त्यांचे रिमोट, पार्लरमधले बोर्ड, जे मिळेल ते. माझ्यासारख्या लोकांचा फेसबुकवर एक ग्रूप आहे आणि तिथे दिवसभर वाद चालतात. खरं कोणतं, नक्कल कोणती. पिक्चर ट्यूबवरच खेळावं की सपाट पडदा चालतो. पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून उन्हात पांढरं करावं की त्याचं वय त्याच्या अंगावर राहू द्यावं. या वादांत मी तावातावाने उतरतो, लपवत नाही.

त्या ग्रूपवर एके दिवशी फोटो आला. नागपूरच्या रामदासपेठेत एक नवा कॅफे, आणि त्यात काचेच्या खोलीत, दिव्यांच्या झोतात उभी एक मशीन. खाली मालकाने, तन्मय नावाच्या तिशीतल्या माणसाने, लिहिलं होतं: 'जपानी बनावट. अतिदुर्मीळ. दांडा उजवीकडे, बटणं डावीकडे. डावखुऱ्या खेळाडूंसाठी मोजक्याच बनवल्या गेल्या. दांड्याचा तो खास जपानी स्पर्श आजही कायम.'

मी फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कडेला सनमायका जिथे करवत घसरून टवका उडाला होता, तो टवका तिथेच होता. ती माझी सातवी मशीन होती.

तसं मी खाली लिहिलं. उत्तरं आली, हसऱ्या तोंडांची. एकाने लिहिलं, "काका, आमच्या आजोबांनी विमान बनवलं होतं." सकाळी पाहतो तर माझी कॉमेंटच गायब. त्याच कॅफेत रविवारी जुन्या गेमवाल्यांचा मेळावा होता, सगळ्यांसाठी खुला. जायचं ठरलं.

"भांडाले कोणी दीडशे किलोमीटर जाते काय?" माझी बायको ज्योती म्हणाली. मग थोड्या वेळाने बॅग काढता काढता म्हणाली, "मी बी येते. ताईकडे जाणं होईल."

शनिवारी सकाळची यवतमाळ-नागपूर एसटी धरली. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे दोघांचे मिळून चारशेच्या आत भागतात. अर्ध्या तिकिटात ज्योती खिडकीशी आणि पूर्ण तिकिटात मी कंडक्टरच्या बाजूला, हा आमच्या घरचा न्याय आहे. कळंबपासून रस्ता मोठा झालाय, पोटातलं पाणी हलत नाही. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना तूर पिवळी झालेली. वर्ध्याला बस थांबली की गोरसपाक, तिथली तुपातली बिस्किटं, घ्यावा. मी घेतला, पण चव लागली नाही. डोक्यात तो 'खास जपानी स्पर्श' फिरत होता. बुटीबोरीनंतर कारखाने सुरू होतात आणि पुढे नागपूरची गर्दी तुम्हाला हळूहळू गिळते.

ज्योतीला जयप्रकाशनगरला तिच्या बहिणीकडे सोडलं आणि मेट्रोने सीताबर्डी, तिथून ऑटोने सदर गाठलं. सातवी मशीन मी सदरच्या एका गल्लीतल्या पार्लरसाठी बनवली होती. मालक गुड्डूभाऊ. पार्लर म्हणजे पाच हात रुंदीचा बोळ, आत ओळीने मशिनी. शेवटची जागा डाव्या भिंतीला खेटून होती. तिथे नेहमीसारखी मशीन ठेवली तर दांडा फिरवताना पोरांचं डावं कोपर भिंतीवर घासायचं. गुड्डूभाऊ म्हणाला जागा सोडून देऊ. मी म्हणालो, दांडा उजवीकडे घेतो, हात मोकळा राहील. घेतला. पोरांनी पहिला आठवडा मला शिव्या दिल्या. नंतर त्यांचा हात असा बसला की दुसऱ्या मशिनीवर त्यांना खेळता येईना. त्यांनीच तिचं नाव ठेवलं, डावऱ्या. डावऱ्याच्या काचेवर रुपये ओळीने मांडलेले असायचे. ज्याचा रुपया पुढे, त्याचा नंबर पुढे. दुसऱ्याचा रुपया सरकवण्याची कुणाची हिंमत नव्हती.

म्हणजे जपानच्या डावखुऱ्यांनो, तुमच्यासाठी सदरची एक भिंत जबाबदार आहे.

आता तिथे मोबाईल कव्हरचं दुकान आहे. दुकानदाराने मॉडेल कोणतं विचारलं. मी म्हणालो, मले फक्त भिंत पाहू द्या. त्याने पाहू दिली, पण माझ्यावरची नजर काढली नाही. गुड्डूभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या पोरांनी सगळ्या मशिनी भंगारात काढल्या, एवढं मला तेव्हाच कळलं होतं. डावऱ्या त्यातून कुणीतरी उचलला आणि तो हिंडत हिंडत जपानी झाला.

रात्री मेहुण्याने सावजी खाऊ घातलं. तर्री लाल, वर तेलाचा तवंग, नाकाडोळ्यातून पाणी. नवख्यांनी भाकरी जास्त मागवावी आणि रस्सा बेताने घ्यावा. मेहुणा म्हणाला, "भाऊ, रागात सावजी खाऊ नये, दोन्ही डोक्यात जाते."

रविवारी सकाळी कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, आणि ज्योतीला घेऊन रामदासपेठेत पोचलो. ती म्हणाली, तुम्ही एकटे गेले तर हात उचलाल. कॅफेत प्रवेश फुकट, पण एक तरी ऑर्डर द्यावीच लागते. कोल्ड कॉफी दोनशे ऐंशी. एवढ्यात पोह्यांच्या नऊ प्लेट झाल्या असत्या, असं ज्योती वेटरला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

डावऱ्या समोर होता, शेजारी 'जपानी बनावट' लिहिलेली पाटी. त्याची पिक्चर ट्यूब काढून तिथे सपाट पडदा बसवला होता. ती वीस इंची ट्यूब मी तीन दुकानं फिरून, रंग जुळवून घेतली होती. नाण्याच्या फटीवर टेप लावला होता, कारण आता गेम फुकट. पोरंपोरी येत होती, हातांची अढी घालून दोन मिनिटं खेळत होती, हसत होती, मरत होती, पुन्हा बटण दाबून जिवंत होत होती आणि कंटाळून निघून जात होती. रुपया गेलाच नाही तर मरणाची भीती कसली? यांना वाटतं मशीन म्हणजे खेळ. खेळ त्या काचेवरच्या रुपयांत होता.

तन्मय अदबीने बोलला, सर सर करत. मी ओळख दिली तेव्हा म्हणाला, "सर, तुमचा गैरसमज झाला असेल, अशा दिसणाऱ्या भरपूर आहेत."

मी म्हणालो, मागचा प्लाय आपल्याकडचा आहे. तो म्हणाला, मागची बाजू इथे बदलली असणार. मी म्हणालो, फट रुपयाची आहे. तो म्हणाला, भारतात आल्यावर रुपयासाठी कापून घेतली असेल. टवका? वाहतुकीत. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात जपान जागच्या जागी राहत होता. भोवती माणसं जमली. एक दाढीवाला तरुण म्हणाला, काका, तुम्ही बनवली असली तरी आतला गेम तर चोरीचाच असणार ना, मग कसला अभिमान.

"आतला बोर्ड नकली होता," मी म्हणालो. "दिल्लीहून आला होता. तो मी बनवला असं कधी म्हटलं काय? पेटी माझी. दांडा माझा. बटणं माझी. जेवढं माझं तेवढंच मी माझं म्हणून राहिलो."

एवढ्यात एक चाळिशी ओलांडलेला माणूस गर्दीतून पुढे आला. गळ्यात मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, रविवारीसुद्धा. तो मशिनीसमोर उभा राहिला. उजवा हात सरळ दांड्यावर गेला, डावा बटणांवर. हातांची अढी नाही, शोधाशोध नाही. पहिली पातळी त्याने एकही जीव न गमावता पार केली. मग दांडा सोडला आणि स्वतःशीच म्हणाला, "हा तर सदरचा डावऱ्या आहे ना बे."

त्याचं नाव मिलिंद. शाळेतून पळून तो त्या बोळात यायचा. तन्मयने त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग बरोबरच आहे, म्हणजे पार्लरच्या मालकाने जपानहून मागवली.

मिलिंद हसायला लागला. "गुड्डूभाऊ कामठीच्या पुढे गेला नाही गा कधी. तो जपानहून काय मागवन?"

लोक हसले, पण हसण्याने काही सिद्ध होत नाही. मी पिशवीतून पेचकस काढला. म्हणालो, पुढच्या फळीच्या खालून चार स्क्रू आहेत, ते तुम्ही कधी उघडले? नाही म्हणाला, दांडा उत्तम चालतो, हात लावला नाही. मग उघडायच्या आधी सांगतो, मी म्हणालो. दांडा सोडला की मधोमध परत यायला हवा. स्प्रिंगा टिकत नव्हत्या, पोरं दांड्याला लोंबकळायची. म्हणून दांड्याच्या बुडाशी मी रबराची गोल चकती घातली आहे. वरून पांढरी, खालून निळी. हवाई चपलेची. नसली तर इथेच तुमची माफी मागतो आणि ग्रूपवरही लिहितो.

तन्मयला नाही म्हणायचं होतं. पण दाढीवालाच म्हणाला, उघड ना यार, पाहू. उघडलं.

चकती होती. कडेने कडक झालेली, भेगाळलेली, पण वर पांढरी आणि खाली निळी. हाच तो जपानी स्पर्श. सगळे वाकून पाहत होते. ज्योती कॉफीचा ग्लास घेऊन पुढे आली, तिनेही वाकून पाहिलं.

"माही चप्पल आहे ते," ती म्हणाली. "लग्नाले सहा महिने नव्हते झाले. मी बाहेर जायले निघाली तर डाव्या चपलेची टाच गायब. डावीच का, तर हे म्हणे, उजवी झिजली होती."

मिलिंदने तिला वाकून नमस्कार केला. मला नाही, तिला.

आता तुम्हाला वाटेल तन्मय शरमला. मलाही तसंच वाटलं होतं. त्याने लोकांना शांतपणे पुढच्या टेबलांकडे वळवलं आणि मला मागे सामानाच्या खोलीत नेलं. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, सर, अशा अजून चार बनवा. हुबेहूब. दांडा उजवीकडे, आत चप्पल टाका की काहीही टाका. जपानी स्टिकर मी छापून घेतो, पुण्या-बंगळूरचे लोक तयार आहेत. आणि आकडा त्याने बोलून नाही, मोबाईलवर लिहून दाखवला.

मी विचारलं, पुढे पितळी पट्टीवर माझं नाव टाकलं तर?

"सर, खरं सांगू? तुमच्या नावाने मशीन वीस हजाराची. जपानच्या नावाने तुम्ही आता पाहिलं तेवढ्याची. मशीन तर तीच आहे ना. तुम्हाला काय फरक पडतो?"

इतक्या वर्षांत मला कुणी एवढ्या साळसूदपणे अपमानास्पद बोललं नव्हतं. मी म्हणालो, बाहेरची पाटी बदला, बाकी मला तुमच्याशी काम नाही. तो म्हणाला, बघतो. फळी मी स्वतः परत बसवली, चारही स्क्रू घट्ट केले. मशिनीचा काय दोष?

परतीच्या बसमध्ये मी ज्योतीला सगळं सांगितलं. आकडाही. वर्ध्यापर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "तेवढ्यात किती चपला आल्या असत्या, हिशोब करून राहिली होती." देवळीला तिने माझ्या हातात गोरसपाकाचा पुडा दिला. या वेळी चव लागली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. काय राहिलं, तर मिलिंदचे हात. काही न पाहता योग्य जागी गेलेले. तेवढं प्रमाणपत्र मला पुरतं. आठवी मशीन सुरू केली आहे, दांडा उजवीकडे, आणि नाव सनमायक्यात कोरून, उचकटून काढता येणार नाही असं. पट्टी लावली तर ती कुणीही काढेल.

कॅफेतली पाटी मात्र बदलली आहे. ग्रूपवर फोटो आलाय. आता लिहिलंय: 'मूळ जपानी, जुन्या भारतीय दुरुस्तीसह.' म्हणजे तीस वर्षांपूर्वी मी जे बनवलं, त्याचा मी दुरुस्तीवाला ठरलो. खाली कुणीतरी लिहिलंय की यवतमाळच्या त्या काकांनी पैसे उकळायला तमाशा केला. त्याला पंचेचाळीस लाइक आहेत आणि त्यांत एक तन्मयचा आहे.

म्हणून ज्यांना तिथे जायचंय त्यांनी जा, कोल्ड कॉफी बरी असते, आणि दांडा हातात घ्याल तेव्हा टाच आठवा. तमाशा पैशासाठी होता म्हणणाऱ्यांसाठी मोबाईलवरचा तो आकडा इथे लिहून ठेवतो. डावऱ्यासारख्या चार मशिनी, स्टिकर जपानी, माझं नाव कुठेही नाही. एका मशिनीचे दीड लाख, चारांचे सहा लाख रुपये, त्यातले अर्धे त्याच दिवशी रोख. मी नाही म्हणालो.