सायकलवरचा पाव्हणा

आमच्याकडं थंडी पडत नाही असं जो म्हणतो, त्याला डिसेंबरात पहाटे निलंग्याच्या रस्त्यावर सायकलवर बसवावं. बाहेरचे लोक म्हणतात, मराठवाडा म्हणजे ऊन. आमची माणसंही तेच म्हणतात, फक्त कानाला टॉवेल गुंडाळून म्हणतात.

मला नोकरी दिवाळीनंतर लागली. सकाळी निलंग्यातल्या एका शिकवणीत गणिताची बॅच घ्यायची आणि मग दिवसभर एका छोट्या संस्थेचं काम. शाळा सुटलेल्या मुली शोधायच्या, त्यांच्या आईबापांच्या बैठका घ्यायच्या, पत्रकं लिहायची, छापून आणायची, वाटायची. पत्रकावर माझा हात बसला होता. ‘मुलीची सायकल थांबली की मुलीची शाळा थांबते’ हे ठळक अक्षरातलं पत्रक माझंच. शिकवणी अंधारात सुरू व्हायची आणि पहिली एसटी उजाडल्यावर यायची, म्हणून मी सायकल काढली. आम्ही गावात राहत नाही, शेतातल्या घरी, आखाड्यावर राहतो. आखाड्यापासून पाणंद, पाणंदीनंतर फाटा, आणि फाट्यापासून डांबरी रस्ता.

पहिल्या आठवड्यात मी रोज गारठून पोचले. उभ्या माणसाची थंडी वेगळी आणि सायकलवरच्या माणसाची वेगळी. सायकलवर वारा तुम्हाला शोधत येतो. बटणांच्या फटीतून शिरतो, गुडघ्यांवर बसतो, बोटांची तर लाकडं करतो. बाजारातून लोकरीचे हातमोजे आणले तर वारा त्यातून आरपार. मग आत कॅरीबॅग घालून वर हातमोजे चढवायला शिकले. दिसायला वाईट, पण बोटं वाचली. छातीसाठी संस्थेतली उरलेली पत्रकं उपयोगी पडली. घडी करून स्वेटरच्या आत सरकवली की कागदापलीकडं वारा जात नाही. चढ आला की आधीच गळ्याची बटणं सोडायची, नाहीतर पाठीवर घाम फुटतो आणि उतारावर तोच घाम बर्फ होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मुलींनी सायकल चालवावी असं सगळे म्हणतात, काय घालून चालवावी ते कुणी सांगत नाही.

मग एका संध्याकाळी बाबांनी पेटीतून त्यांचा कोट काढला. राखाडी, जड, साखर कारखान्यात ते रात्रपाळीला होते तेव्हाचा. बाह्या इतक्या लांब की हँडल धरलं तरी बोटं झाकायची.

“हा घाल. आन् माझी प्यांट चढीव सलवारीवरून, गुडघ्याला वारा लागायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याआधी उठायला लागले. मी तयार झाले की माकडटोपी स्वतः माझ्या डोक्यावर ओढायचे, मफलर नाकावरून दोनदा फिरवून मागं गाठ मारायचे. “येणी आत घाल,” म्हणायचे, “मानेला हवा लागती.” मी वेणी कॉलरच्या आत खोचायचे. ते कंदील वर धरून मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघायचे, मगच म्हणायचे, “जा आता.”

मला भरून यायचं. संस्थेत मी चारचौघांत सांगितलं की असे बाप पाहिजेत, पुढच्या पत्रकात यांचंच उदाहरण देते.

फाट्यावर रोज शेकोटी असायची. दुधाच्या गाडीची वाट बघणारे, एसटीची वाट बघणारे, आणि कशाचीच वाट न बघणारे असे चार-पाच जण कोंडाळं करून बसलेले. मी दिसले की एखादा ओरडायचा, “ओ पाव्हणं! या की शेकायला!” मी हात वर करून पुढं जायचे. परतीलाही अंधार पडलेला असायचा. कुणी वाकडं बोललं नाही, कुणी शीळ घातली नाही. मला वाटायचं, गाव बदललंय. बैठकांमध्ये मी हेही सांगायला लागले होते. आमच्या फाट्यावर बघा, म्हणायचे, मुलगी अंधारात सायकलवर जाते आणि लोक तिला शेकायला बोलावतात!

एका पहाटे बरोबर फाट्यावर चेन पडली. बोटं इतकी बधिर होती की चेन हातात धरल्याचंही कळेना. शेकोटीवरून एक काका उठून आले. टॉवेलनं कान बांधलेले, अंगावर घोंगडं. मी त्यांना ओळखत होते. त्यांच्या मुलीला शाळेतून सायकल मिळाली होती आणि नववीत त्यांनी ती बंद केली. सायकलबरोबर मुलीची शाळाही गेली. त्या सायकलवर आता दुधाच्या किटल्या असतात. माझं ते पत्रक मी त्या मुलीवरूनच लिहिलं होतं.

“तू शेक जा, भाच्या,” काका म्हणाले. “मी बसवतो चेन.”

भाच्या? मी शेकोटीशी जाऊन बसले. अंधार, धूर, नाकापर्यंत मफलर. एकानं सरकून जागा दिली, दुसऱ्यानं बिडी पुढं केली. मी मान हलवून नको म्हटलं.

“गुणाचं हाय लेकरू,” बिडीवाला म्हणाला. “कंधारचा न्हवं का तू? तुझ्या मामानं सांगितलं, भाचा आणलाय म्हणून. निलंग्याला कामाला जातो म्हणं.”

मामानं म्हणजे माझ्या बाबांनी. मला कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर अंगातली सगळी थंडी कुठल्या कुठं गेली.

“बोलत न्हाई रं हा.”

“दात वाजायलेत त्याचे, बोलंल कसा! बरं भाच्या, मामाची पोरगी बघितलीस का न्हाई? सोडू नको बरं का. हक्क हाय तुझा.”

सगळे हसले. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, हे आमच्याकडं चेष्टेतही म्हणतात आणि लग्नाच्या बैठकीतही म्हणतात. माझं लग्न माझ्याशीच लावायला निघाले होते!

“ती कुठली गावतीय ह्याला,” तिसरा म्हणाला. “ती ऱ्हाती निलंग्याला, मावशीकडं. लई शिकलीय. कागदं वाटत फिरती, पोरीला सायकल द्या, पोरीला सायकल द्या.”

“हाव! आन् तिला स्वतःला बसवलंय का बापानं कधी सायकलवर? दुनियेला शहाणपण सांगायली!”

पुन्हा हसले. चेन बसवत असलेले काकाही तिकडून हसले. मी भर चौकात माइक न घेता बोलणारी मुलगी. तहसील कचेरीसमोर घोषणा देताना माझा आवाज कधी बसला नाही. पण त्या शेकोटीपाशी माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. छातीवर कोटाच्या आत माझीच पत्रकं होती, बाहेर माझीच टिंगल चालली होती, आणि मी तिथं नव्हतेच! काकांनी सायकल आणून उभी केली, सीटवर थाप मारली. “जा, भाच्या.” मी गेले.

त्या दिवशी मी बॅचमध्ये काय शिकवलं, मला आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती, बाबा चुलीजवळ होते. मी टोपी काढून खाली आपटली.

“बाबा, तुमचा भाचा आला.”

आईचा हात थांबला. म्हणजे तिलाही ठाऊक होतं! मला हा दुसरा धक्का बसला. बाबा जाळाकडं बघत राहिले.

“त्यांनीच इचारलं,” ते म्हणाले, “पहिल्या आठवड्यात, अंधारात कोण जातंय म्हणून सायकलवर. मी म्हणलं, भाचा हाय. निघून गेलं तोंडातून.”

“आणि मावशीकडं राहते तेही तोंडातून निघून गेलं? कोट, पँट, वेणी आत घाल, हे सगळं तोंडातूनच निघालं? मला वाटत होतं तुम्ही मला थंडीपासून झाकताय.”

“थंडी बी होतीच की.”

“मी पुरुष म्हणून फिरत होते बाबा, मला न विचारता!”

“ओरडू नको,” आई म्हणाली. “येणी सोडून गेली असतीस तर चार दिवसांत सायकल बंद झाली असती. त्या पोरीची झाली तशी. तुझी तर लग्नाची बोलणी हाईत. नोकरी टिकली ना तुझी? जाऊन राहिलीस ना रोज?”

“आणि थंडी संपल्यावर? चैत्रात भाचा कोट घालून फिरणार?”

आईनं भाकरी तव्यावर टाकली. बाबा म्हणाले, “तवाचं तवा बघू.”

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. भित्रे म्हटलं. त्या काकांनी सायकल सरळ बंद केली, तुम्ही मलाच गायब केलंत, असं म्हटलं. बाबा मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, “उद्या पोरगी म्हणून गेलीस तर उद्याच्याला मी खोटा पडतो. मग गावात मला कोण बोलू देईल? आन् तुला कोण जाऊ देईल?”

“मी जाणार,” मी म्हटलं.

पहाटे उठून मी माझे कपडे घातले. सलवार, मोज्यांचे दोन जोड, माझा स्वतःचा गुलाबी स्वेटर, त्यावर आईची शाल छातीवर आडवी करून पाठीशी गाठ मारली, डोक्याला स्कार्फ, वेणी बाहेर. तोंड उघडं ठेवलं. कोटापेक्षा हे कमी पडणार हे मला माहीत होतं. आईनं शालीची गाठ घट्ट केली. बाबा घरात नव्हते.

ते फाट्यावर होते. शेकोटीत, त्या सगळ्यांच्या मधोमध, उकिडवे बसलेले. मला येताना सगळ्यांनी पाहिलं. कुणी पाव्हणं म्हणालं नाही.

“ही कोण?” बिडीवाल्यानं विचारलं.

बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, “माझी पोरगी. भाचा गेला कंधारला. आता ही जाती.”

“अस्सं व्हय.”

एवढंच! एक खोटं संपलं म्हणून दुसरं, आणि लोकांनी ते गपगुमान घेतलं. मी तशीच पुढं गेले असते तर सगळं निभावलं असतं. बाबांचा शब्द राहिला असता, माझा रस्ता राहिला असता. मी ब्रेक दाबला.

“भाचा कधी आलाच नव्हता,” मी म्हटलं. “मीच होते. काल तुमच्याशेजारी बसले होते ती मीच.”

बिडीवाल्याची बिडी हातात तशीच राहिली. काल लग्न जुळवणारा इकडं बघेना, तिकडं बघेना. घोंगडंवाले काका बाबांकडं वळले.

“आमच्याशी खोटं बोललास व्हय रं? आमच्याशी?”

बाबांनी जाळात काटकी सारली. “बोललो,” ते म्हणाले. “खरं सांगितलं असतं तर पोरीची सायकल गेली असती.”

“कोण नेणार होतं तुझ्या पोरीची सायकल?”

“तुझ्या पोरीची कुणी नेली?”

“लोक बोलायले होते.”

“लोक म्हंजी कोण? आपणच की. इथंच बसून.” मग बाबा सरकले, शेजारी जागा केली आणि मला म्हणाले, “ये. शेक जरा.”

मला उशीर होत होता, पण मी सायकल स्टँडला लावली आणि जाऊन बसले. मी बसले तसा बिडीवाला उठला, म्हणाला, एसटी आली वाटतं. रस्त्यावर एसटीचा दिवासुद्धा नव्हता. त्याच्या मागोमाग बाकीचेही उठले. कुणी शिवी दिली नाही, कुणी नाव ठेवलं नाही, फक्त उठले आणि पलीकडं अंधारात जाऊन उभे राहिले, थंडीत. माझ्याबरोबर शेकण्यापेक्षा त्यांना गारठणं बरं वाटलं. मी बघतच राहिले. बाबांनी मान वर केली नाही.

काका तेवढे बसून राहिले. का बसले, मला आजही सांगता येणार नाही. ते माझ्या हातांकडं बघत होते. हातमोजे काढून मी बोटं जाळावर धरली होती आणि ती अजून सरळ होत नव्हती.

“हवा लई लागती का गं सायकलवर?” त्यांनी विचारलं.

“लागते. बोटं फुटतील असं वाटतं. पोचल्यावर घटकाभर पेन धरता येत नाही.”

त्यांनी आपलेही हात जाळावर धरले. मग म्हणाले, “आमची पोरगी दोन हिवाळे गेली तशी. कधी बोलली न्हाई.”

“तुम्ही विचारलं होतं का?”

त्यांनी घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं. मला थांबायला वेळ नव्हता. मी हातमोजे चढवले, बाबांना येते म्हटलं, आणि अंधारात उभ्या असलेल्या त्या माणसांच्या समोरून सायकल काढली.