हलता उंबरा

अकोल्यातल्या, जठारपेठेतल्या आमच्या घराला उंबरा नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं? तसंच. ते घर म्हणून बांधलेलंच नव्हतं मुळी. शेंदूरजनाघाटच्या एका संत्राव्यापाऱ्याने ते माल उतरवायला बांधलं. पुढे गोदामाची एक लांब खोली, मागे माणसांसाठी दोन. हातगाडी सरळ आत यावी म्हणून दरवाजा चांगला रुंद आणि उंबरा कुठेच नाही, अगदी न्हाणीलासुद्धा. नासक्या फळांचं पाणी धुऊन बाहेर जावं म्हणून पुढच्या खोलीची फरशी रस्त्याकडे जराशी उतरती. लहानपणी आमची एक गोटी घरात थांबली असेल तर शपथ!

व्यापाऱ्याकडून ते एका मास्तरांनी घेतलं. त्यांच्या शिकवणीची पोरं सायकली थेट फळ्यापर्यंत आणायची म्हणे. मास्तरांकडून माझ्या आजोबांनी घेतलं. आमचा धंदा फुलांचा. झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन येणाऱ्याला पायात उंबरा नकोच. तिन्ही मालकांनी रंग बदलले, उंबरा मात्र कोणी बसवला नाही.

खरी पंचाईत झाली ती आई नवरी होऊन दारात आली तेव्हा. माप ओलांडायचं, पण ते ठेवायचं कुठे? आजोबा धावत जाऊन सुताराकडून सागवानाची फळी घेऊन आले, दारात आडवी टाकली, आणि आईने तिच्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडून घरात पाऊल टाकलं. लोक हसले. आई मात्र त्या फळीला उंबरा मानून बसली ती कायमची. रोज पुसून हळदीकुंकू. टोपल्या आल्या की उचलायची, गेल्या की परत ठेवायची. शेजारीण चिडवायची, "यांचा उंबरा पाहा बापा, घरभर फिरते!" आणि आम्ही पोरं चुकून त्यावर टेकलो की आई कडाडायची, "ऊठ! उंबऱ्यावर काहून बसतं? लक्षुमीच्या वाटेत?"

गेल्या वर्षी आई पडली, खुबा मोडला आणि व्हीलचेअरवर आली. मी तिला अमरावतीला माझ्या फ्लॅटवर नेलं. कौतुकाने घेतलेला फ्लॅट हो! पण स्वयंपाकघराला ग्रॅनाइटची पट्टी, न्हाणीघराला पट्टी, गॅलरीला पट्टी. दर वेळी आई हाक मारणार आणि मी खुर्ची उचलणार. दिवसभर कोणाशी ना कोणाशी भांडणारी माझी आई एका खोलीत गप्प बसून राहायला लागली. "मले माह्या घरी ने," एवढंच म्हणायची. एक दिवस मी भडकले. "पंधरा दिवस राहून बघ तिथे. एकटीने जमलं नाही तर घर विकून टाकू." गिऱ्हाईक तयारच होतं.

आम्ही अकोल्याला आलो. पहिल्याच सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. आई स्वयंपाकघरातून निघाली, न्हाणीत जाऊन आली, देवापुढे थांबली, पुढच्या खोलीत गेली. सगळं एकटीने. मी चहा विसरून बघत राहिले. दारात मात्र खुर्ची अडली. फळी! खुर्ची आत घेतल्यावर मीच ती सवयीने परत ठेवली होती. बाहेर भाजीवाली ओरडत होती. आईने फळीकडे बराच वेळ पाहिलं. मग मला हाक मारली, बसल्या बसल्याच फळीला हात जोडले आणि म्हणाली, "उचल वं ते. आता मलेच आडवं येऊन राह्यलं."

मी फळी उचलली, अन् उतारावरून खुर्ची सुटली की! "माय वं!" मी किंचाळले. भाजीवालीने गाडी आडवी घातली. आई खदाखदा हसत होती. हसता हसताच तिने कोथिंबिरीची जुडी उचलली. "सांभार सुकला तुहा, अन् भाव काय सांगतं एवढा?" किती महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकला! मला इतका आनंद झाला की तिथेच रडू फुटलं.

"गिऱ्हाइकाले सांग, घर इकायचं नाही," जुडी मांडीवर ठेवत ती म्हणाली. मी मान डोलावली. फळी अजून माझ्या हातातच होती. कुठे ठेवू, विचारलं. तिने ती दाराशेजारच्या कडुनिंबाखाली दोन विटांवर ठेवायला लावली.

"बस."

"यावर?"

"बस म्हणलं ना."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या उंबऱ्यावर बसले. आई ओरडली नाही. निवडायला म्हणून अर्धी जुडी तिने माझ्या ओटीत टाकली.